गुळाच्या चहाचा गोड गैरसमज

ठाण्यात तलावपाळीला सकाळची चक्कर झाली की बरेच जण गुळाच्या चहाकडे वळतात. ‘शुगर आहे ना, साखर बंद केलीय,’ हे वर ऐकवतात. गूळ नैसर्गिक, म्हणून मधुमेहात चालतो, हा समज वर्षानुवर्षं फिरतोय. तो चूक आहे.

दोन्ही उसाच्याच रसाचे. साखर म्हणजे जवळजवळ निव्वळ सुक्रोज. गुळातही बहुतांश तेच, शिवाय थोडं पाणी, थोडे क्षार. १० ग्रॅम साखरेत साधारण ४० कॅलरी, तेवढ्याच गुळात ३८ च्या आसपास. पोटात गेल्यावर त्या सुक्रोजचं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतं नि रक्तातली साखर चढते. खडा होता की दाणा, हे ग्लुकोमीटर विचारत नाही. उलट ‘गूळच तर आहे’ म्हणत हात सैल सुटतो, ते वेगळंच.

लोहाचं म्हणाल, तर गुळात ते असतं. पण चमचाभरात किती येणार? त्यातही चहातलं टॅनिन ते नीट शोषू देत नाही. त्यापेक्षा मोड आलेल्या मटकीची उसळ, वर लिंबू पिळून.

मधुमेह नसेल तर पुरणपोळी गुळाचीच खावी, चवीला तीच सरस. असेल तर चहा बिनसाखरेचा घ्यायचा, म्हणजे बिनगुळाचाही.