फरिना आणि बकव्हीट: वेण्यांचा साचा एक, मुलगे दोन

जुन्या अमेरिकन विनोदी लघुपटांमधला एक कृष्णधवल फोटो सतत फिरत असतो. डोक्यावर चिंध्यांनी बांधलेल्या बारीक बारीक वेण्या, अंगात मापाच्या दुप्पट कपडे, पायांत मोठ्या माणसाचे बूट, टपोरे डोळे. खाली नाव दिलेलं असतं ‘बकव्हीट’. पुष्कळदा ते चुकीचं असतं, कारण फोटोतलं मूल ‘फरिना’ असतं.

घोटाळा होणं साहजिक आहे. दोघंही निर्माते हॅल रोच यांच्या ‘अवर गँग’ या लघुपट-मालिकेतले, दोघंही कृष्णवर्णीय, दोघंही मुलगे आणि दोघांनाही आधी मुलीसारखं सजवलेलं. नावंसुद्धा जवळजवळची: फरिना म्हणजे लापशीसाठी वापरतात तो गव्हाचा रवा आणि बकव्हीट म्हणजे आपलं कुट्टू. पण हे दोघं पडद्यावर कधी एकत्र आले नाहीत, येणं शक्यच नव्हतं. फरिनाचं काम करणारा ॲलन हॉस्किन्स १९३१ साली मालिकेतून बाहेर पडला. टोळीतला नेहमीचा मुलगा म्हणून त्याचा शेवटचा लघुपट मे १९३१ च्या अखेरीस लागला, तेव्हा पुढे बकव्हीट झालेला बिली थॉमस जेमतेम अडीच महिन्यांचा होता. या दोघांबद्दल एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवावी.

आता हा वेण्यांचा साचा आला कुठून? एकोणिसाव्या शतकात गुलामगिरीवरच्या एका गाजलेल्या कादंबरीत टॉप्सी नावाची गुलाम मुलगी होती. त्या कादंबरीची नाटकं अमेरिकाभर अनेक दशकं चालली आणि रंगमंचावरची टॉप्सी म्हणजे विस्कटलेल्या वेण्या, फाटका झगा, खोडकर चेहरा असं समीकरण पक्कं झालं. कृष्णवर्णीय मुलांना ‘पिकनिनी’ हा हिणकस शब्द वापरला जाई आणि पोस्टकार्डांपासून जाहिरातींपर्यंत त्यांचं हेच चित्र रंगवलं जाई. चित्रपटाने ते आयतं उचललं. म्हणजे फरिना आणि बकव्हीट एकमेकांसारखे दिसतात ते एकाने दुसऱ्याची नक्कल केली म्हणून नव्हे. दोघांच्या अंगावर एकाच जुन्या पेटीतले कपडे चढवले गेले.

‘अवर गँग’ सुरू झाली १९२२ मध्ये. तिच्यातला पहिला कृष्णवर्णीय मुलगा या दोघांपैकी कुणीच नव्हे. तो होता अर्नी मॉरिसन, ‘सनशाइन सॅमी’. न्यू ऑर्लिन्समध्ये १९१२ साली जन्मलेल्या अर्नीला रोच यांनी १९१९ मध्येच करारावर घेतलं होतं. हॉलिवूडमध्ये दीर्घ मुदतीचा करार मिळालेला पहिला कृष्णवर्णीय कलाकार म्हणून त्याचंच नाव घेतलं जातं. फरिनाला सुरुवातीला मालिकेत आणलं ते त्याचं धाकटं भावंड म्हणून. भाऊ की बहीण, हे मुद्दामच स्पष्ट केलं नव्हतं. एका लघुपटात फरिना मुलगी, दुसऱ्यात मुलगा, तिसऱ्यात काहीच सांगितलेलं नाही. १९२४ मध्ये अर्नी रंगमंचाकडे वळला आणि शेपटासारखं मागे लोंबणारं हे पोर स्वतःच्या पायांवर उभं राहिलं.

ॲलनचा जन्म ऑगस्ट १९२० चा. कॅमेऱ्यासमोर आला तेव्हा त्याला दोन वर्षंही पुरी झाली नव्हती. बाहेर पडला तेव्हा तो दहा वर्षांचा होता. या काळात त्याने १०५ लघुपट केले. १९२० च्या दशकातला अमेरिकेतला सर्वांत लोकप्रिय कृष्णवर्णीय बालकलाकार तोच. आणि यातली पहिली सात वर्षं मूकपटांची आहेत, हे विसरून त्याचं काम पाहता येत नाही. त्याच्या तोंडचं बोलणं पडद्यावर पाटीवर छापून येई. ते लिहिणारे एच. एम. वॉकर हे रोच यांच्या स्टुडिओतले गोरे गृहस्थ. ‘कृष्णवर्णीय असं बोलतात’ म्हणून मुद्दाम मोडक्या स्पेलिंगांत लिहिलेलं ते इंग्रजी ॲलनचं नव्हे. ॲलनचं जे आहे ते पाट्यांच्या मधल्या भागात आहे: थबकणं, मान तिरकी करणं, मोठ्यांच्या पायांमधून वाट काढणं, आणि सांगितलं की डोळ्यांत पाणी आणणं. पाट्या झाकून त्याचा एखादा मूकपट बघा. वेषातला अपमान तसाच राहतो, पण त्या वेषाच्या आत किती तयार नट आहे ते दिसायला लागतं.

इथे एक तांत्रिक अडचणही आहे. त्या काळची ऑर्थोक्रोमॅटिक फिल्म तांबडा रंग जवळजवळ टिपतच नसे, त्यामुळे सावळी, तांबूस झाक असलेली त्वचा प्रत्यक्षापेक्षा कितीतरी काळी उमटे. सगळे रंग टिपणारी पॅनक्रोमॅटिक फिल्म १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात रुळली. शिवाय आज आपल्याला दिसणाऱ्या बऱ्याच प्रती प्रतीवरून प्रत, तिच्यावरून आणखी प्रत अशा काढलेल्या. दर पिढीत काळ्या-पांढऱ्यातला फरक भडक होतो आणि मधल्या राखाडी छटा, म्हणजेच चेहऱ्यावरचे भाव, गळून जातात. मग उरतात फक्त डोळ्यांचे पांढरे ठिपके आणि वेण्या. अशा प्रतीत कोणतंही मूल कोणतंही वाटणारच. चांगल्या प्रतीत ॲलनचा चेहरा बिलीच्या चेहऱ्याशी घोटाळण्यासारखा मुळीच नाही.

बकव्हीटची कथा वेगळ्या बाजूने सुरू होते, कारण हे नाव बिलीच्या आधीचं आहे. १९३४ मध्ये बकव्हीट ही मुलगीच होती आणि ते काम मुलींनीच केलं: आधी मालिकेतल्या स्टायमीची बहीण कार्लेना बिअर्ड हिने, मग आणखी एका मुलीने. बिली त्या वर्षी किरकोळ भूमिकांत, घोळक्यात दिसतो. मार्च १९३१ मध्ये लॉस एंजेलिसला जन्मलेल्या या पोराला १९३५ च्या सुरुवातीला ते नाव, त्या वेण्या, त्यांच्या फिती आणि तो ढगळ स्वेटर, सगळं तयार मिळालं. पुढे वर्षभर बकव्हीट पडद्यावर मुलगी आहे. १९३६ मध्ये तिचा उल्लेख पहिल्यांदा स्पष्टपणे ‘तो’ असा होतो, पण कपडे तसेच राहतात. त्याच वर्षी यादवी युद्धाच्या काळातला ‘जनरल स्पँकी’ हा पूर्ण लांबीचा चित्रपट आला. त्यात बिलीने मालक शोधत फिरणाऱ्या गुलाम मुलाचं काम केलं. वेण्या जाऊन डोक्यावर मोकळे, न विंचरलेले केस, पट्टेदार सदरा आणि खांद्यावरून पट्टे असलेली विजार आली ती तिथून. १९४४ मध्ये मालिका बंद पडेपर्यंत बकव्हीटचा हाच अवतार राहिला. म्हणून वेण्यावाला बकव्हीट हा फार थोड्या काळाचा आहे, दीड-दोन वर्षांचाच. वेण्यावाल्या लहानग्याचा फोटो हाती आला तर तो फरिनाचा असण्याची शक्यताच जास्त.

कामातला फरकही मोठा आहे. बिली पहिल्यापासून बोलपटांतला. लहानपणी त्याचे उच्चार बोबडे होते आणि पटकथाकारांनी त्याचाच विनोद केला. त्याच्या नावावर चिकटलेलं ‘ओ-टे!’ हे ‘ओके’चं बोबडं रूप मुळात त्याचा पडद्यावरचा जोडीदार पोर्की म्हणजे यूजीन ली याचं होतं. बिली आणि पोर्की ही जोडी मला मालिकेतल्या सर्वांत जिवंत गोष्टींपैकी एक वाटते. एक काळा, एक गोरा, दोघंही सगळ्यांत लहान, मोठ्या पोरांच्या फंदफितुरीतून दोघं मिळून वाट काढतात. तिथे रंगावरून काही चाललेलं नसतं. १९३८ मध्ये रोच यांनी मालिका एमजीएम या बड्या स्टुडिओला विकली. मालिकेच्या २२० लघुपटांपैकी शेवटचे ५२ एमजीएमचे, आणि त्या सगळ्या ५२ मध्ये असलेला एकमेव मुलगा म्हणजे बिली.

मग सगळ्यांच्या तोंडी बकव्हीटच का? याचं कारण हक्कांच्या व्यवहारात आहे. ‘अवर गँग’ हे नाव एमजीएमकडे गेलं, म्हणून रोच यांच्या काळातले बोलपट पुन्हा बाजारात आले ते ‘द लिटल रास्कल्स’ या नव्या नावाने. १९५५ पासून ते अमेरिकेत टीव्हीवर लागू लागले. त्या संचात १९२९ ते १९३८ चेच लघुपट होते. म्हणजे लहानगा फरिना ज्यांत आहे ते मूकपट त्यातून वगळले गेले. आला तो नऊ-दहा वर्षांचा, थोराड झालेला फरिना. टीव्हीवर वाढलेल्या पिढीने वेण्यावालं लहान मूल पाहिलं ते बकव्हीटच. मग १९८१ मध्ये विनोदी नट एडी मर्फीने ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’ या टीव्हीवरच्या विनोदी कार्यक्रमात मोठ्या केसांचा, बोबडा बकव्हीट उभा केला आणि ते नाव सगळ्याच कृष्णवर्णीय मुलांवर शिक्क्यासारखं बसलं. १९९० साली तर एबीसी वाहिनीच्या ‘२०/२०’ या कार्यक्रमाने ॲरिझोनातल्या किराणा दुकानात गिऱ्हाइकांच्या पिशव्या भरून देणारा एक माणूस खरा बकव्हीट म्हणून दाखवला. बिली थॉमसला जाऊन तेव्हा दहा वर्षं झाली होती. वाहिनीला माफी मागावी लागली आणि बिलीच्या वारसांनी दावा लावला.

एखादा फोटो किंवा लघुपट ओळखायचा असेल तर वेण्यांवरून सुरुवात करू नये. शेजारी कोण आहे ते आधी पाहावं. गोबऱ्या गालांचा स्पँकी चौकटीत असेल तर ते वेण्यावालं लहानगं मूल फरिना असूच शकत नाही. स्पँकी आला १९३२ मध्ये. उभ्या राहिलेल्या बटेचा अल्फाल्फा किंवा डार्ला असेल तर १९३५ पासूनचा काळ, म्हणजे बकव्हीट. मिकी डॅनियल्स, मेरी कोर्नमन, जाडा जो कॉब ही मुलं लहान वयात दिसली की फरिना. गोल डर्बी टोपी आणि तुळतुळीत डोक्याचा स्टायमी शेजारी असेल तर थांबावं. तो १९३० ते १९३५ मध्ये दोघांबरोबरही होता. तिथे उंची पाहायची: फरिना स्टायमीपेक्षा साडेचार वर्षांनी मोठा, बकव्हीट सहा वर्षांनी लहान. स्टायमीपेक्षा उंच तो फरिना, बुटका तो बकव्हीट.

आवाजही साथ देतो, पण जपून. मालिकेचा पहिला बोलपट मे १९२९ चा, त्यामुळे मूकपट असेल तर फरिनाच. मात्र शेवटच्या काही मूकपटांना ध्वनिमुद्रित संगीत जोडलेलं होतं, आणि आज इतरही मूकपटांवर संगीत चढवलेलं असतं. संगीत ऐकू आलं म्हणून त्याला बोलपट समजू नये. पाट्या आहेत का ते पाहावं. सुरुवातीला पाथे या वितरक कंपनीचं चिन्ह असलेला कोंबडा असेल तर काळ १९२८ च्या सुरुवातीपर्यंतचा. एमजीएमचा सिंह काहीच सांगत नाही, कारण मालिका विकण्याआधीही वितरण एमजीएमकडे होतं आणि तो दोघांच्याही काळात आहे. लांबीवरूनही अंदाज येतो. ३५ मिमीचं हजार फुटांचं रीळ बोलपटाच्या वेगाने सुमारे ११ मिनिटं चालतं. १९३६ पर्यंत हे लघुपट साधारण दोन रिळांचे होते, नंतर एका रिळाचे झाले. म्हणून दहाएक मिनिटांचा लघुपट बहुधा बकव्हीटच्या काळातला. पण १९७० च्या दशकात टीव्हीसाठी वांशिक विनोद कापून छोट्या केलेल्या प्रतीही फिरतात, त्यांना हा हिशोब लागू पडत नाही. आणखी एक फसवी जागा: १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात कधीकधी वेण्यावाली दोन मुलं एकाच चौकटीत दिसतात. त्यातली धाकटी ‘मँगो’, म्हणजे ॲलनची सख्खी बहीण जॅनी.

हे लघुपट आज कसे बघायचे, यावर दोन टोकांची मतं ऐकू येतात आणि दोन्ही मला अपुरी वाटतात. दक्षिणेतल्या राज्यांत काळ्या-गोऱ्या मुलांना एका वर्गात बसायला कायद्याने बंदी होती, ती १९५४ च्या निकालापर्यंत. अशा देशात १९२२ पासून पडद्यावर ही मुलं एका बाकावर बसत, एकमेकांना मारत आणि एकाच कुत्र्यामागे धावत होती. स्टुडिओतल्या शाळेतही ती फर्न कार्टर या एकाच बाईंपुढे एकत्र शिकत. हे खरं आहे. आणि त्याच पडद्यावर काळ्या मुलाच्या गरिबीचा, भुताला घाबरण्याचा, वेषाचा विनोद पुन्हा पुन्हा केला जाई, हेही तितकंच खरं. ॲलनच्या बाबतीत दुसरी गोष्ट जास्त बोचते, कारण साचा बसवला गेला तो त्याच्यावर, तेही बोलता येण्याआधी.

मालिकेनंतरची दोघांची आयुष्यंही एकमेकांत मिसळून सांगितली जातात. ॲलन दुसऱ्या महायुद्धात सैन्यात होता. नंतर सॅन फ्रान्सिस्को खाडीच्या परिसरात त्याने अपंग आणि मानसिक आजारी लोकांच्या पुनर्वसनाचं काम केलं. १९७५ मध्ये ‘ब्लॅक फिल्ममेकर्स हॉल ऑफ फेम’मध्ये त्याचा समावेश झाला. बिली १९५४ मध्ये सैन्यात गेला, तो युद्धानंतरचा काळ. परतल्यावर अभिनयाकडे न वळता टेक्निकलरच्या प्रयोगशाळेत फिल्मवर काम करत राहिला. टीव्हीवर त्यांचे लघुपट दर आठवड्याला लागत होते, पण त्या पुनःप्रक्षेपणाचा एक पैसाही दोघांना मिळाला नाही. ॲलन २६ जुलै १९८० रोजी गेला, बिली त्याच वर्षी १० ऑक्टोबरला, आणि या दोघांबरोबरही काम केलेला स्टायमी, मॅथ्यू बिअर्ड, ८ जानेवारी १९८१ ला.