मंदीतही पगार खाली का उतरत नाही?

नवी मुंबईतील रबाळे किंवा महापे येथील एखाद्या कारखान्याच्या ऑर्डरी निम्म्यावर आल्या, की आधी ओव्हरटाइम बंद होतो, मग कंत्राटी कामगारांचे गेटपास नव्याने निघत नाहीत आणि भरती थांबते. कायम कामगाराच्या मूळ पगाराचा आकडा मात्र सहसा जागचा हलत नाही. मागणी घटली की भाव उतरतो, हा बाजाराचा नियम इथेच का अडतो?

युनियन आणि कायदा हे उत्तर चटकन सुचते. 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्याने वेतनात बदल करण्यापूर्वी 21 दिवसांची नोटीस बंधनकारक केली होती, हे खरे. परंतु ट्रुमन ब्यूली या अर्थतज्ज्ञाने 1990 च्या दशकारंभीच्या मंदीत अमेरिकेतील तीनशेहून अधिक व्यवस्थापक, कामगार नेते आदींच्या मुलाखती घेतल्या, तेव्हा कपात नको म्हणणारे बहुतांशी मालकच निघाले. पगार कापल्यास सगळ्यांचेच कामावरचे मन उडते आणि हुशार माणसे आधी सोडून जातात. कामावरून काढलेला माणूस मात्र आपली नाराजी सोबत घेऊन जातो, असा त्यांचा रोखठोक हिशेब होता.

यात न्यायाची भावनाही गुंतलेली आहे. 1986 मध्ये मानसशास्त्रज्ञ डॅनियल काह्नमन आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, महागाई नसताना केलेली 7 टक्के कपात 62 टक्के लोकांना अन्यायकारक वाटली. 12 टक्के महागाईत दिलेली 5 टक्के वाढ मात्र केवळ 22 टक्के लोकांना खटकली. खिशाला बसणारी चाट दोन्हीकडे जवळपास सारखीच.

माझ्या मते सर्वांत बोलका पुरावा मजूर नाक्याचा आहे. तिथे ना युनियन, ना करारपत्र. घासाघीस तर रोज सकाळी नव्याने होते. तरीही ठरलेल्या रोजाखाली उतरणाऱ्या बिगाऱ्याकडे बाकीचे रागाने पाहतात. ओडिशातील मजुरांवर झालेल्या एका प्रयोगात हेच दिसले: कमी रोजाचे काम एकांतात देऊ केले तर काही जण ते घेत, पण शेजाऱ्यांना कळणार असेल तर जवळजवळ कोणीच घेत नसे. अर्थतज्ज्ञ सुप्रीत कौर यांनी भारतातील सुमारे सहाशे जिल्ह्यांची अनेक दशकांची आकडेवारी तपासली. चांगल्या पावसाने चढलेली शेतमजुरी पुढच्या साधारण पावसाच्या वर्षी खाली येत नाही, त्याऐवजी मजुरांना मिळणारे कामाचे दिवस घटतात, असे त्यांना आढळले. महागाई जास्त असलेल्या वर्षांत मात्र ही ताठरता सैल पडते, कारण रोजाचा आकडा तोच ठेवूनही मजुरी प्रत्यक्षात स्वस्त होते.