वैशाखातली वाकळ आणि राहून गेलेले टाके

आजीची पत्र्याची ट्रंक या चैत्रात उघडली तेव्हा तळाशी एक वाकळ, म्हणजे जुन्या कापडांचे थर शिवून केलेली गोधडी, निघाली. चारही कडा शिवलेल्या, टाक्यांच्या ओळी कडेकडेने आत सरकत गेलेल्या, आणि मधोमध पाटाएवढा चौकोन कोरा. सुई तिथेच टोचून ठेवलेली होती, गंजून कापडाला चिकटली होती. घरात सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य आलं : राहूनच गेली की ही. मलाही आधी तसंच वाटलं. पण साताऱ्याकडच्या बायका वाकळ कधी शिवत आणि कधी बाजूला ठेवत, हे आठवत गेले तसं त्या कोऱ्या चौकोनाचा अर्थ बदलत गेला. पुरी न झालेली वाकळ हा आळसाचा पुरावा नव्हता. वर्षातले दहा महिने वाकळ त्याच अवस्थेत असायची.

तिचे दिवस ठरलेले होते. पंचांगाप्रमाणे चैत्र आणि वैशाख मिळून वसंत ऋतू होतो, म्हणजे ज्याला आपण रणरणता उन्हाळा म्हणतो तो वैशाख खरं तर वसंताचा उत्तरार्ध आहे. परसात उभं राहिलं की पंचांगाचं म्हणणं पटतं. मोगरा याच दिवसांत भरात असतो. दुपारी चारच्या पुढे त्याच्या कळ्या टपोऱ्या होतात आणि दिवेलागणीला उमलतात. कुंपणाशी अबोली, विहिरीकडे सोनचाफा, गावाबाहेर पिवळ्या घोसांनी लगडलेला बहावा. ज्वारी, गहू, हरभरा घरात आलेला, खळं मोडलेलं. पुढची पेरणी मृगावर, म्हणजे साधारण ७-८ जूनला. मधल्या सहा-सात आठवड्यांत शेत बाईला बोलावत नाही. वाकळ शिवायला एवढीच फट होती, आणि तिच्यातही कुरडया, सांडगे, पापड, वर्षाचं तिखट हे सगळं बसवायचं असे. सकाळचं ऊन वाळवणाला आणि दुपारची सावली वाकळीला, अशी वाटणी होती.

जागेचाही प्रश्न होता. दुघई-तिघई घरात सात फूट लांब आणि तितकंच रुंद कापड सुरकुती न पडता पसरायला जागा कुठली? ते अंगणात किंवा परसात, झाडाखालच्या सारवलेल्या जमिनीवरच पसरता येई, आणि सारवण कोरडं राहायचे दिवस हेच. त्यात लेकी माहेरी आलेल्या असत. चार बाजूंना चार जणी बसल्या की काम भराभर सरके. लग्नसराईत आहेरात नवी लुगडी आलेली असत, त्यामुळे जुनी लुगडी वाकळीला मोकळी होत. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला जमलेल्या बायका आंबेडाळ आणि पन्हं घेता घेता कुणाच्या तरी वाकळीत दोन ओळी घालून जात. म्हणूनच जुन्या वाकळी नीट निरखल्या तर टाक्यांचे हात वेगवेगळे दिसतात : एकीचा टाका तांदळाएवढा, दुसरीचा गव्हाएवढा.

शिवणीची रीत लिहून ठेवण्यासारखी आहे. आधी खालचा थर अंथरायचा, त्याच्या कोपऱ्यांवर दगड ठेवायचे. त्यावर आतल्या चिंध्या : विरलेलं धोतर, फाटका सदरा, लहानपणीचं झबलं. जिथे विरलं असेल तिथे दोन तुकडे जास्त टाकायचे, म्हणजे जाडी सगळीकडे सारखी येते. मग वरचा थर. थर सरकू नयेत म्हणून लांब लांब कच्चे टाके घालून घ्यायचे आणि नंतर कडेपासून खरी शिवण सुरू. टाका अगदी साधा, सुई खाली-वर, ज्याला आपण धावदोरा म्हणतो. पण तो सगळ्या थरांतून आरपार गेला पाहिजे. कड संपली की बोटभर आत दुसरी ओळ, मग तिसरी, असं चौकोनात चौकोन करत मध्यापर्यंत जायचं. या ओळींमुळे चिंध्या एका जागी गोळा होत नाहीत, थरांमध्ये हवा अडकून राहते आणि ऊब टिकते. बऱ्याच वेळा धुतलेलं सुती कापडच लागतं, कारण नव्या करकरीत कापडाच्या पाच-सहा थरांतून सुई काढताना बोटं सोलवटतात.

आता आजीच्या वाकळीतला तो कोरा चौकोन. कडेपासून आत शिवत गेलं की राहायचं ते मध्यातच राहतं. ओळी जसजशा आत जातात तसतशी वाकळ गुडघ्यांवर घेऊन, चुरगाळून शिवावी लागते आणि काम जड होतं. तेवढ्यात रोहिणी निघतात. २५ मेच्या सुमारास पहिला वळीव पडून गेलेला असला की बियाणं निवडायचं, घर शाकारायचं. मग सुई आहे तिथे टोचून वाकळ ट्रंकेत जाई. कडा पक्क्या असल्यामुळे ती उसवत नसे, गरज पडली तर तशीच अंगावरही घेता येई. मध्य पुढच्या वैशाखात. कडेपासून सुरुवात करण्याच्या या रीतीत थांबण्याची सोय आधीच करून ठेवलेली आहे, असं मला ही वाकळ हातात धरल्यावर वाटलं.

एक हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे. नऊवारी लुगडं म्हणजे नऊ वार, सत्तावीस फूट. त्याचे चार सारखे तुकडे केले तर प्रत्येक तुकडा पावणेसात फुटांचा होतो, म्हणजे माणसाची उंची आणि वर पाय ताणायला थोडी जागा. दोन तुकड्यांच्या लांब कडा एकमेकांना जोडल्या की वाकळीची एक बाजू, उरलेल्या दोनांची दुसरी. एका लुगड्यात दोन्ही बाजू बरोबर निघतात, काही वाया जात नाही. सहावारीत मात्र हा मेळ बसत नाही. अठरा फुटांत सहा-सहा फुटांचे तीनच तुकडे होतात आणि चौथ्यासाठी दुसऱ्या पातळाला कात्री लावावी लागते. वाकळीच्या अंगावरच्या रंगांत पुढे जो बदल दिसतो त्यात या साध्या भागाकाराचाही वाटा असणार.

शब्द जुने आहेत. आमच्याकडे सातारा, सांगली, कोल्हापूर या पट्ट्यात वाकळ म्हणतात, पुण्या-नगरकडे आणि मराठवाड्यात गोधडी. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाच्या १८५७ सालच्या आवृत्तीत दोन्ही शब्द आहेत. संस्कृतात याच वस्तूला कन्था म्हणत. भर्तृहरीच्या शतकांमध्ये शंभर ठिकाणी फाटलेल्या लंगोटीसोबत तशीच जीर्ण कन्था येते, ती विरक्ताची खूण म्हणून. नाथपंथी जोग्यांच्या वेषातही कंथा आहे आणि बंगालमध्ये तोच शब्द कांथा होऊन घराघरांत राहिला.

त्याहून मागे गेलं तर विनयपिटकातली, म्हणजे बौद्ध भिक्खूंच्या नियमांच्या ग्रंथातली, एक गोष्ट मला फार आवडते. भिक्खूंची चीवरं, म्हणजे अंगावरची वस्त्रं, टाकून दिलेल्या चिंध्या जोडून केलेली असत. मगधातली भातखाचरं आणि त्यांचे आखीव बांध पाहून बुद्धाने आनंदाला विचारलं, अशी चीवरं बेतता येतील का? आनंदाने तशी बेतली. ठिगळांना मांडणी देण्याची ही कल्पना शेताकडे बघून सुचलेली आहे. उंचावरून उन्हाळ्यातलं माळरान पाहावं आणि मग वाकळ पाहावी, म्हणजे आनंदाला काय दिसलं असेल ते कळतं.

महाराष्ट्रात या ठिगळांना सर्वांत मोठा मान मिळाला तो गाडगेबाबांमुळे. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी १८७६ साली जन्मलेले डेबूजी ठिगळांचं वस्त्र पांघरून गावोगाव फिरले, रस्ते झाडले, कीर्तनं केली. लोक त्यांना गोधडेबुवा म्हणत. गरिबाघरच्या पांघरुणाचं नाव संताला लागलं, यात त्या वस्तूचं समाजातलं स्थान कळतं : ती कुणाला दाखवण्यासाठी नव्हती, पण तिच्याशिवाय कुणाचं घरही नव्हतं.

सीमेपलीकडे कर्नाटकात हीच वस्तू कौदी होते. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी बायका, ज्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आले, तिला कवंदी म्हणतात. त्याही कोपऱ्यापासून सुरू करून कडेकडेने मध्याकडे शिवत जातात आणि चार कोपऱ्यांवर घडी घातलेली त्रिकोणी ठिगळं बसवतात. त्यांना त्या फुला म्हणतात.

कापडाचा इतिहास वाकळीच्या थरांतच वाचता येतो. मुंबईत कावसजी दावर यांची पहिली सूतगिरणी १८५६ मध्ये चालू झाली. त्यानंतरच्या शंभर वर्षांत हातमागाच्या जाड्याभरड्या कापडाशेजारी गिरणीचं पातळ, छापील कापड वाकळीत येऊन बसलं. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ पासून, कापडावर सरकारी नियंत्रण आलं आणि नवं कापड मोजून मिळू लागलं. अशा दिवसांत जुनं लुगडं वाकळीपर्यंत पोचायला किती वर्षं लागत असतील, याची कल्पना करता येते. आमच्या वाकळीत एका ठिकाणी ठिगळावर ठिगळ आणि त्यावर पुन्हा ठिगळ आहे. ते कधीचं हे सांगायला आता कुणी नाही.

मग ती मागे का पडली? सोलापुरी चादर स्वस्तात मिळू लागली, हे कारण सगळे सांगतात आणि ते खरंही आहे. पण माझ्या मते बोहारणीने केलेला बदल त्याहून खोल आहे. जुन्या कपड्यांवर स्टीलचं भांडं देणारी बोहारीण दारात बसू लागली, तेव्हा चिंधीला पहिल्यांदा घराबाहेर भाव आला. तीन जुन्या लुगड्यांत पातेलं मिळत असेल तर ती लुगडी वाकळीत घालून दोन वैशाख कोण घालवणार? आईने घासाघीस करून घेतलेले डबे अजून आमच्या फडताळात आहेत, आणि तिचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. त्या पाठोपाठ नायलॉन आणि पॉलिस्टर आलं. त्या साड्या विरत नाहीत, घाम टिपत नाहीत आणि शिवताना थर एकमेकांवरून घसरतात. अंगण जाऊन गॅलरी आली, तशी पसरायची जागाही गेली.

एक रीत मात्र अजून तग धरून आहे. घटस्थापनेच्या आधी आमच्याकडे दसरा काढतात, म्हणजे घरातलं यच्चयावत अंथरूण-पांघरूण नदीवर नेऊन धुतात. भिजलेली वाकळ एकटीला उचलत नाही, दोघी दोन टोकांनी पिळतात. त्या दिवशी कृष्णेकाठच्या खडकांवर आणि झुडपांवर वाळत घातलेल्या वाकळी पाहिल्या की गावात अजून किती जुनं कापड जिवंत आहे ते मोजता येतं. वैशाखात जोडलेली वाकळ अशी भाद्रपदाच्या शेवटी पहिल्यांदा धुतली जाई, आणि टाका पक्का होता की नाही ते तिथे कळे.

आजीची वाकळ मी या वैशाखात परसातच पुरी करायला घेतली, फणसाखाली. गंजलेली सुई ओढली नाही, कारण भोवतालचं कापड सोबत आलं असतं. ती थोडं खोबरेल लावून सुटी केली. काळ्या चंद्रकळेचा तुकडा हात लावताच भुगा झाला. लोखंडाचे क्षार वापरून काळं केलेलं सुती कापड असंच सगळ्यांत आधी विरतं, म्हणून तिथे तिच्याच एका जुन्या चोळीचा खण खालून सरकवला. दोरा सुतीच घेतला. जुन्या कापडात पॉलिस्टरचा दोरा घातला तर ताण पडल्यावर दोरा शाबूत राहतो आणि कापड फाटतं. बहीण सुट्टीला आली होती, तिने समोरची बाजू धरली. तिचा टाका माझ्याहून मोठा पडतो. तो तसाच ठेवला.

रोज साडेतीनला बसायचं आणि मोगऱ्याच्या कळ्या काढायची वेळ झाली की उठायचं, असं अठरा दिवस चाललं. मधला चौकोन आता तळहाताएवढा उरला आहे. काल पहाटे पावशा ओरडू लागला, पेर्ते व्हा, पेर्ते व्हा. भाऊ बियाण्याच्या पिशव्या आणायला तालुक्याला गेला, आणि अंगण उद्या शेंगा फोडायला लागणार आहे. मी सुई मध्याशी टोचली, यावेळी तेल लावून, आणि वाकळीच्या घडीत कडुनिंबाचा वाळलेला पाला घातला.