क्रूझचा मार्ग बदलला, पोर्ट गाळलं: बेळगाव भागातून भरपाई मागायची तर काय लागतं आणि अर्ज कुठं अडकतात

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातली बरीच माणसं आता क्रूझला जातात, कुणी मुंबईहून गोवा-लक्षद्वीप, कुणी विमानानं सिंगापूरला जाऊन तिथनं पुढं जहाजानं, रिटायर झालेली जोडपी तर पार युरोपपर्यंत. आणि परत आल्यावर गाऱ्हाणं ठरलेलं, ब्रोशरमध्ये पाच पोर्ट होती, दाखवली तीन, मधले दोन दिवस नुसतं समुद्रात ठेवलं, एजंटला विचारलं तर म्हणतो "टर्म्समध्ये लिहिलेलं असतंय तसं". मग रागाच्या भरात "सगळे पैसे व्याजासकट परत द्या" अशी तक्रार ग्राहक आयोगाकडं जाते आणि अर्जातल्या त्रुटी काढून परत येते, नाहीतर दाखल होऊनही पुराव्याअभावी टिकत नाही. नुकसान खरं असतंय, कागद कच्चे असतात. म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

पहिली गोष्ट कडू वाटेल पण ऐकून घ्या. जहाजानं पोर्ट गाळलं एवढ्यावर भरपाई मिळत नाही. प्रत्येक क्रूझच्या करारात कंपनीनं मार्ग बदलायचा हक्क स्वतःकडे ठेवलेला असतो, आणि हवामान, सुरक्षितता असलं कारण असेल तर कॅप्टनचा निर्णय कोर्ट सहसा चुकीचा ठरवत नाही. लक्षद्वीपच्या बेटांवर मोठं जहाज धक्क्याला लागत नाही, लांब नांगर टाकून लहान बोटीतनं माणसं उतरवतात, लाटा वाढल्या की उतरणं बंद. २०२३ च्या शेवटापासून तांबड्या समुद्रात हुथींचे हल्ले सुरू झाले तेव्हा तर कंपन्यांनी सुएझकडचे मार्गच बदलले. अशा वेळी साधारणपणे गाळलेल्या पोर्टचा टॅक्स आणि जहाजावरूनच बुक केलेल्या सहलीचे पैसे परत येतात, तेवढंच.

पण खरा प्रश्न वेगळा आहे. कंपनीला बदल कधी माहीत झाला आणि तुम्हाला कधी सांगितला? इंजिनाचं काम निघालं, बंदरात धक्का मिळाला नाही, असल्या गोष्टी पुष्कळदा जहाज सुटायच्या आधी ठाऊक असतात, आणि प्रवाशाला कळतात चढल्यावर, केबिनच्या दाराखालून सरकवलेल्या चिठ्ठीतनं, म्हणजे रद्द करायची वेळ गेल्यावर. तिथं तुमचा दावा उभा राहतो. कायद्याच्या भाषेत ही सेवेतली त्रुटी, आणि माहिती दडवली असेल तर अनुचित व्यापारी प्रथासुद्धा. सगळी तक्रार या दोन तारखांवर बांधा, चिडचिड कितीही झालेली असू दे.

कोण अर्ज करू शकतं

ज्यानं पैसे भरले तो, आणि त्याच्या संमतीनं जो प्रवासाला गेला तो पण. म्हणजे मुलानं पुण्याहून पैसे भरले आणि आई-वडील खानापूरहून गेले तर आई-वडील ग्राहकच आहेत. अडचण येते ती डीलर लोकांची. सिमेंट, पेंट, बियाणं कंपन्या टार्गेट पूर्ण केलं की डीलरला क्रूझ देतात, तिथं समोरचा वकील "हा व्यापारी व्यवहार" म्हणून आक्षेप घेणार, तेव्हा अशांनी आधी वकिलाला विचारून मगच पुढं जा. आणि बारा-पंधरा नातेवाईक मिळून गेला असाल तर एकट्याच्या सहीनं सगळ्यांचे पैसे मागू नका. सगळ्यांची नावं, सगळ्यांच्या सह्या, सगळ्यांची ओळखपत्रं पाहिजेत. इथं फार अर्ज अडकतात.

बेळगावात का कोल्हापुरात

आपल्या सीमाभागात सगळ्यात जास्त गोंधळ याचाच. बुकिंग कोल्हापूरच्या एजंटकडे, टूर कंपनी मुंबईची, जहाज परदेशी, माणूस निपाणीचा. बिलाखाली छापलेलं असतं "वाद मुंबई न्यायक्षेत्रात" आणि ते वाचून लोक गप्प बसतात. बसू नका. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा जुलै २०२० पासून लागू झालाय आणि त्यात कलम ३४ प्रमाणे तक्रारदार जिथं राहतो किंवा काम करतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं. म्हणजे निपाणी, खानापूर, चिकोडी, अथणी, सगळ्यांना बेळगावचा जिल्हा आयोग चालतो. समोरच्याचं ऑफिस किंवा शाखा जिथं आहे किंवा जिथं व्यवहार घडला तिथंपण चालतं, त्यामुळं निपाणीकराला कोल्हापूर जवळ पडत असेल आणि बुकिंग तिथलं असेल तर कोल्हापूर पण चालेल.

चंदगडकरांनी मात्र लक्ष द्या. बाजार, दवाखाना, कॉलेज सगळं बेळगावात असलं तरी राहता तुम्ही कोल्हापूर जिल्ह्यात. एजंट बेळगावचा असेल तर बेळगावात दाखल करा, पण तक्रारीत तसं स्पष्ट लिहा, नाहीतर आधारवरचा पत्ता बघून अधिकारक्षेत्राचा आक्षेप येणारच.

उलटी अडचण म्हणजे बेळगावात राहणारे पण आधार अजून पुण्याचं-मुंबईचं. लाईट बिल, भाडेकरार, बँक पासबुक, जे असेल ते जोडा. पासपोर्टवर आडनाव आधी आणि आधारवर नुसतं इनिशियल, हे पण आपल्याकडं कायम असतंय, त्यासाठी दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत असं प्रतिज्ञापत्रात एक वाक्य घाला.

करारात लवादाची अट असली तरी घाबरू नका. लवादाच्या कलमामुळं ग्राहक आयोगाचा रस्ता बंद होत नाही हे सुप्रीम कोर्टानं २०१८ मध्ये एमार एमजीएफ या बांधकाम कंपनीच्या प्रकरणात सांगितलेलं आहे.

जो कागद कुणाकडंच नसतो

तो म्हणजे बुकिंगच्या दिवशीचं मूळ वेळापत्रक. एजंटनं व्हॉट्सअॅपवर लिंक पाठवलेली असते, आणि मार्ग बदलला की कंपनी त्याच लिंकवर नवीन वेळापत्रक टाकते. झालं, तुमच्याकडं दाखवायला काहीच नाही! बुकिंग कन्फर्मेशनची मेल उघडून बघा, पुष्कळदा पीडीएफ जोडलेली असते. नसेल तर सोबत गेलेल्या इतरांना विचारा, कुणाकडं तरी जुना स्क्रीनशॉट सापडतोच. अजून जायचं असेल तर आजच पानाची पीडीएफ करून ठेवा, तारखेसकट.

दुसरा न सापडणारा कागद पैशाची पावती. अर्धे रोख, थोडे जीपे, थोडे एजंटच्या भावाच्या खात्यावर, असं आपल्याकडं चालतंय आणि शेवटी पक्कं बिल निघतच नाही. परदेशी टूर पॅकेज असेल तर एक वाट आहे. १ ऑक्टोबर २०२० पासून अशा पॅकेजवर विक्रेत्याला टीसीएस (ग्राहकाकडनं घेऊन सरकारला भरायचा इन्कम टॅक्स) भरून घ्यावा लागतो, आणि पॅन दिलेला असेल तर तो तुमच्या फॉर्म २६एएस मध्ये, म्हणजे तुमच्या पॅनवर जमा झालेल्या टॅक्सच्या उताऱ्यात, दिसतो, कंपनीचं नाव आणि रक्कम दोन्हीसकट. इन्कम टॅक्सच्या साइटवरनं काढा, हा सरकारी पुरावा आहे, एजंटला नाकारता येत नाही.

बाकी कागद सोपे: बोर्डिंग पास, मार्ग बदलल्याची चिठ्ठी किंवा जहाजाच्या अॅपवरची सूचना, रोजच्या कार्यक्रमाचा कागद, उतरताना मिळणारं जहाजावरच्या खर्चाचं बिल (पोर्ट टॅक्स परत दिला असेल तर त्यातच दिसतो), पासपोर्टवरचे शिक्के, गाळलेल्या देशाचा व्हिसा काढला असेल तर त्याची पावती. कंपनीला बदल आधीच माहीत होता हे दाखवायला बंदराच्या साइटवरचं जहाजांचं वेळापत्रक कामाला येतं, बरीच बंदरं ते जाहीर करतात, तुमच्या जहाजाचं नाव त्यातनं गायब झालेलं दिसलं तर त्याच दिवशी स्क्रीनशॉट घ्या.

स्क्रीनशॉटबद्दल सांगायचं म्हणजे नुसती प्रिंट जोडून भागत नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं कलम, लागू आहे, त्याचं प्रमाणपत्र सोबत लावा. आयोगाचं काम दिवाणी कोर्टाइतकं काटेकोर नसतं, तरी समोरचा वकील पहिला आक्षेप यावरच घेतो. आणि एजंटशी झालेलं बोलणं मराठीत असेल तर इंग्रजी किंवा कन्नड भाषांतर जोडा. मराठी माणसाला मराठीतल्या कागदाचं भाषांतर करून द्यावं लागतं याचं वाईट वाटतं, मलाही वाटतं, पण त्या कारणावरून तारीख पुढं जाऊ देण्यात तुमचंच नुकसान.

दोन वर्षं कधीपासून

मुदत दोन वर्षांची, कलम ६९. लोक मोजतात कंपनीच्या शेवटच्या मेलपासून. चूक. साधारणपणे जिथं त्रुटी घडली तिथपासून, म्हणजे पोर्ट गाळलं त्या प्रवासापासून मोजा. तुम्ही मेल पाठवत राहिलात आणि ते "आम्ही बघतोय" म्हणत राहिले म्हणून मुदत वाढत नाही. सगळ्यात जास्त फसतात ते पुढच्या क्रूझचं व्हाउचर घेऊन बसलेले, ते वापरायला मिळेल मिळेल म्हणता म्हणता दोन वर्षं निघून जातात. व्हाउचर स्वीकारताना "पूर्ण व अंतिम तडजोड" असं काही लिहिलंय का तेपण वाचा, असेल तर टिक करायच्या आधी थांबा. उशीर झालाच असेल तर माफीचा वेगळा अर्ज देता येतो, पण कारण खरं आणि कागदानिशी पाहिजे, "माहीत नव्हतं" चालत नाही.

किती मागायचं

सगळे पैसे परत मागू नका, कळकळीनं सांगतोय. तुम्ही जहाजावर राहिलात, जेवलात, ते आयोगाला दिसतंय. हिशोब मांडा. समजा पाच रात्रींचं दोघांचं भाडं १,५०,००० म्हणजे दिवसाला ३०,०००. दोन पोर्ट गेली तर त्या दोन दिवसांच्या ६०,००० पैकी निम्मे मागणं समंजस दिसतं असं माझं मत. त्यावर परत न आलेला पोर्ट टॅक्स, बुडालेल्या सहलीचे पैसे, वाया गेलेला व्हिसा, जहाज दुसऱ्याच बंदरात सोडलं असेल तर विमानाचा जादा खर्च, हे पावतीनुसार. मानसिक त्रास आणि तक्रारीचा खर्च वेगळा लिहा, पण बेतानं.

व्हॉट्सअॅपवर एक मेसेज फिरतो, युरोपच्या नियमानं तिकिटाचे २५ ते ५० टक्के मिळतात म्हणून. तो नियम, २०१० चा ११७७ क्रमांकाचा, फेरीबोटीला उशीर झाला तर लागतो, क्रूझच्या प्रवाशांना ती भरपाई त्यातच वगळलेली आहे. अमेरिकेतल्या बंदरातनं सुटणारी क्रूझ रद्द झाली किंवा तीन दिवस वा जास्त लांबली तर तिथल्या नियमानं रिफंड आहे, गाळलेल्या पोर्टला तोही नाही. असले दाखले तक्रारीत घालून स्वतःची बाजू कच्ची करू नका.

अजून एक मोठा खड्डा. रागानं "हा करारच अन्यायकारक आहे, रद्द करा" असं लिहिलंत तर मामला जिल्हा आयोगाच्या हातातनं जातो, कारण अन्यायकारक कराराची तक्रार राज्य आयोगाकडंच चालते. तेव्हा सेवेतली त्रुटी आणि अनुचित प्रथा एवढ्यावरच राहा.

दाखल करणं

आधी १९१५ वर, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, फोन करा, मराठीत बोलता येतं, काही वेळा तिथंच तडजोड होते. नाही झाली तर कंपनीला स्पीड पोस्टनं नोटीस, पोच जपून ठेवा. मग ई-जागृति या ग्राहक आयोगांच्या ऑनलाइन पोर्टलवर तक्रार, तारखांची यादी, प्रतिज्ञापत्र, कागद. फी तुम्ही भरलेल्या रकमेवर ठरते, मागितलेल्या नव्हे: ५ लाखांपर्यंत काहीच नाही, १० लाखांपर्यंत २०० रुपये, २० लाखांपर्यंत ४००, ५० लाखांपर्यंत १०००. जिल्हा आयोगाची मर्यादा तिथपर्यंतच.

विरुद्ध पक्ष म्हणून फक्त गावातल्या एजंटचं नाव घालू नका, तो "मी फक्त बुकिंग करून दिलं" म्हणून सुटतो. एजंट, टूर कंपनी आणि क्रूझ कंपनीचा भारतातला प्रतिनिधी, तिघांची नावं बिलावरच्या पत्त्यासकट घाला. नुसता परदेशातला पत्ता दिलात तर नोटीस पोचायलाच किती काळ जाईल सांगता येत नाही.

आणि कृपा करून सायबरवाल्याचा मोबाईल नंबर आणि ईमेल टाकून रजिस्ट्रेशन करू नका. त्रुटी निघाली की मेसेज त्याला जातो, तो विसरतो, आणि तुम्ही घरी वाट बघत बसता, आयोगाला शिव्या देत.

तक्रार दाखल करून घ्यायची का नाही हे साधारण २१ दिवसांत ठरतं. समोरच्याला उत्तराला ३० दिवस, फार तर आणखी १५, त्यापुढं नाही, हे सुप्रीम कोर्टानं २०२० मध्ये पक्कं केलंय, तेव्हा ते तारखा मागत बसले तर हे दाखवून द्या. निकाल तीन महिन्यांत असं कायदा म्हणतो, प्रत्यक्षात जास्त लागतात, तयारी ठेवा. वकील सक्तीचा नाही. वयस्कर माणसांना खानापूर-अथणीहून दरवेळी येणं जमत नसेल तर व्हिडिओवर सुनावणी मागायचा अर्ज देता येतो, कायद्यात तशी सोय आहे, मागितल्याशिवाय मात्र कुणी देत नाही. निकाल विरोधात गेला तर राज्य आयोगाकडं अपिलाला ४५ दिवस, आणि अपील कंपनीनं केलं तर तिला आधी निकालातल्या रकमेपैकी निम्मी भरावी लागते.