द जॉर्ज घरी नाही

‘द जॉर्ज घरी नाही,’ असं इंग्रजीत सांगणारा माणूस बहुधा ग्रीक असतो. त्याच्या भाषेत माणसाच्या नावाआधीही उपपद लागतं: ‘ओ योर्गोस’, बाई असेल तर ‘इ मारिया’. मराठीत उपपदच नाही, म्हणून आपण इंग्रजी बोलताना ‘द’ खातो. ग्रीक माणूस नको तिथेही लावतो. दोघंही आपापल्या घरचा नियमच पाळत असतात.

उच्चारांत तर गंमतच. ग्रीकमध्ये स्वर पाचच. ‘इ’ एकच, ना ऱ्हस्व ना दीर्घ. (तो लिहायच्या तऱ्हा मात्र पाच-सहा, तिकडचीही पोरं शुद्धलेखनाला वैतागत असणार.) त्यात प्रमाण ग्रीकमध्ये ‘श’ नाही. परिणामी जहाज म्हणजे ‘शिप’ आणि मेंढी म्हणजे ‘शीप’, दोन्ही त्याच्या तोंडून ‘सीप’सारखंच निघतं. ‘स्माइल’ म्हणायला जावं तर होतं ‘झ्माइल’, आपल्या ‘झाड’मधल्या ‘झ’चं. कारण ग्रीकमध्ये ‘म’आधी आलेला ‘स’ आपोआप तसा वळतो.

चूक जिभेची वाटते, पण मूळ कानात असतं. जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी 1984 मध्ये इंग्रजी घरांतल्या तान्ह्या बाळांना हिंदीतले ‘ट’ आणि ‘त’ ऐकवले. सहा-आठ महिन्यांच्या बाळांना फरक कळला. दहा-बारा महिन्यांच्या बहुतेकांना नाही. घरात जो भेद कामाला येत नाही, तो कान वर्षाच्या आतच सोडून देऊ लागतो. आपल्याला ‘पाट’ आणि ‘पात’ सरळ वेगळे ऐकू येतात, इंग्रजाला तिथे कान टवकारावे लागतात. ग्रीकाचं ‘शिप-शीप’ तसंच. उलट ‘थिंक’मधला दातांत जीभ धरून काढायचा आवाज त्याला जन्मापासून येतो, त्यासाठी थीटा हे अक्षरच आहे. आपण तिथे बिनदिक्कत ‘थ’ ठोकून देतो.

‘आय लिव्ह हिअर फाइव्ह इयर्स’ हे ग्रीक माणसाचं इंग्रजी वाक्यही आपल्या ‘सिन्स फाइव्ह इयर्स’चं सख्खं भावंड, दोन्हींत घरच्या भाषेची रचना तशीच इंग्रजीत उतरते.

सगळ्यात फसवे ते ग्रीकमधूनच इंग्रजीत गेलेले शब्द. ग्रीकमध्ये ‘इदिओतिको’ म्हणजे खासगी, पण इंग्रजी कानाला तो ‘इडियॉटिक’ वाटतो, त्यामुळे खासगी शाळेचं इंग्रजी करताना जपावं लागतं. ‘एम्पाथिया’ म्हणजे तर मनात धरलेला आकस. इंग्रजी ‘एम्पथी’साठी, म्हणजे दुसऱ्याच्या भावना समजून घेण्यासाठी, ग्रीकांना ‘एन्सिनेस्थिसी’ असा वेगळाच शब्द घडवावा लागला.