अजिंठा-वेरूळमधली आडवी रेघ पुसून टाका

‘अजिंठा-वेरूळ’ आपण ‘चहापाणी’सारखं एका दमात म्हणतो आणि सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. ‘अजिंठ्याचं कैलास मंदिर’ असं म्हणणारी शिकलेली माणसं मला दरवर्षी भेटतात. दोन्ही लेणी एका दिवसात ‘करून’ आल्याचं सांगणारी कुटुंबंही भेटतात. त्यांना काय पाहिलं विचारलं की कैलास आठवतं, अजिंठ्याबद्दल मात्र ‘अंधार होता’ एवढंच.

वेरूळ बहुतेकांना ठाऊक असतं. घृष्णेश्वराला जायचं, पुरुषांनी सदरा काढून गाभाऱ्यात शिरायचं, मग जवळच लेणी. एकूण 34: आधी बौद्ध, मग हिंदू, शेवटी जैन. सोळावं लेणं म्हणजे राष्ट्रकूटांच्या काळातलं, आठव्या शतकातलं कैलास, कळसापासून खाली कोरत आणलेलं. याहून जास्त सांगायची गरज नाही.

किरकोळ फरकही उरकून घेऊ. छत्रपती संभाजीनगरहून वेरूळ सुमारे 30 किलोमीटर, अजिंठा सुमारे 100 आणि तेही वेगळ्या रस्त्यावर. जळगावहून अजिंठा 60 किलोमीटरच्या आसपास, म्हणून खानदेशातून येणाऱ्यांनी आधी संभाजीनगर गाठायचं कारण नाही. अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी. अजिंठ्याला आपली गाडी फाट्यावरच ठेवून तिथल्या बसने पुढे जावं लागतं, त्यात वेळ जातो.

आता खरा फरक. वेरूळ म्हणजे शिल्प, अजिंठा म्हणजे चित्र. वाचायला सोपं वाटतं, पण दिवस आखताना हे कुणाच्याच डोक्यात नसतं. अजिंठ्यातही शिल्पं आहेत. 26व्या लेण्यातला महापरिनिर्वाणाचा पहुडलेला बुद्ध पाहिल्याशिवाय परतू नये. वेरूळलाही काही छतांवर रंग उरले आहेत. पण आपण ज्यासाठी जातो ते वेगळं आहे आणि ते पाहायची रीतही वेगळी आहे.

कैलास उघड्यावर आहे. उन्हात उभं राहिलं की ते स्वतःहून डोळ्यांत भरतं. पोरं हत्तीकडे धावतात, आजी सावलीत टेकते, तरी कुणाचं काही हुकत नाही. अजिंठ्याचं चित्र असं समोर येत नाही. दगडावर माती, भाताचं तूस आणि तंतू कालवलेला गिलावा, त्यावर चुन्याचा पातळ हात आणि त्यावर खनिज रंग. पहिल्या, दुसऱ्या, सोळाव्या आणि सतराव्या लेण्यांतली ही कामं बहुतांशी पाचव्या शतकातली, वाकाटकांच्या काळातली. ती जपायची म्हणून आत उजेड मंद ठेवलेला असतो. बाहेरच्या लख्ख उन्हातून आत शिरलेल्या डोळ्यांना आधी काहीच दिसत नाही. नेमकं त्याच क्षणी माणसं मोबाइल वर करतात आणि बाहेर पडतात.

थांबा. पाच-सात मिनिटं नुसते उभे राहा. मग पहिल्या लेण्यात गाभाऱ्याच्या डावीकडे पद्मपाणी हा बोधिसत्त्व भिंतीवरच्या चित्रातून हळूहळू वर येतो: आधी मुकुट, मग झुकलेली मान, मग हातातलं कमळ. फ्लॅशला तिथे बंदी आहे आणि ती योग्यच आहे. शेजारचा माणूस फ्लॅश मारतो तेव्हा रंगाची हानी होतेच, शिवाय सरावलेले डोळे पुन्हा आंधळे होतात. मला याचा मनापासून राग येतो.

मुलांना घेऊन जाणार असाल तर गोष्ट बाहेर झाडाखाली बसून सांगा, आत नको. आपल्या कळपाला नदीपार नेण्यासाठी स्वतःच्या अंगाचा पूल करणाऱ्या वानरराजाची, महाकपीची गोष्ट सांगा आणि सतराव्या लेण्यात ती शोधायला लावा. शोधणारं पोर कंटाळत नाही. तीस लेण्यांपैकी सहा-सातच नीट पाहा. एक, दोन, सोळा, सतरा, एकोणीस, सव्वीस आणि वेळ उरला तर दहा. 1819 साली जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याच्या नजरेला पडलं ते हेच दहावं.

गुडघे दुखणाऱ्यांना अजिंठ्याच्या पायऱ्या जड जातात. डोली मिळते, ती घ्यायला लाजू नका. वेरूळला कैलास प्रवेशद्वारासमोरच आहे, त्यामुळे थकलेल्यांनाही मुख्य गोष्ट मिळते. म्हणून माझा आग्रह असतो की अजिंठा पहिल्या दिवशी, ताज्या पायांनी आणि ताज्या डोळ्यांनी पाहावं, आणि वेरूळ दुसऱ्या दिवशी. उलट केलंत तर कैलासाचा आकार डोळ्यांत भरलेला असतो आणि पद्मपाणीसमोर थांबायचा धीर उरत नाही. शनिवारी अजिंठा, रविवारी वेरूळ असं जमवा. सोमवारी वेरूळ उघडं असलं तरी घृष्णेश्वराच्या रांगेतच अर्धा दिवस जाऊ शकतो, श्रावणात तर नक्कीच.