मधुमेही मातेच्या नवजात बाळाचे थायरॉइड

मधुमेही मातेच्या बाळाकडे जन्मताच सगळ्यांचे लक्ष असते ते साखरेसाठी. आईची साखर वारेतून बाळाला मिळते, इन्सुलिन मात्र पलीकडे जात नाही. मग बाळाचे स्वादुपिंडच जास्त इन्सुलिन तयार करते, बाळ वजनदार होते आणि नाळ कापल्यावर त्याची साखर झपाट्याने उतरते. या धावपळीत थायरॉइडची तपासणी मागे पडता कामा नये.

आईला टाइप 1 मधुमेह असेल तर तिला थायरॉइडचा स्वप्रतिकारजन्य विकार (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच ग्रंथीवर उलटते तो) असण्याची शक्यता वाढते. त्यातली काही प्रतिपिंडे, म्हणजे प्रतिकारशक्तीने तयार केलेली प्रथिने, वार ओलांडून बाळाची ग्रंथी काही आठवडे दाबून ठेवू शकतात. केवळ गरोदरपणात उद्भवलेल्या मधुमेहाचा थेट परिणाम किती, याबद्दल अभ्यासांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. पण अशी बाळे दिवस भरण्याआधी जन्मण्याचे प्रमाण जास्त असते, आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळात टीएसएच (थायरॉइडला कामाला लावणारे, ग्रंथी कमी पडली की वाढणारे संप्रेरक) उशिरा वाढू शकते. पहिला अहवाल चांगला आला तरी दोन आठवड्यांनी रक्त पुन्हा तपासतात, ते यासाठीच.

जन्मानंतर अर्ध्या तासात टीएसएच उसळते आणि दोन-तीन दिवसांत खाली येते. म्हणून टाचेला टोचून रक्त घ्यायचे ते 48 तासांनंतर. नाहीतर नाळेतले रक्त चालते. बाळंतीण त्याआधी घरी जाणार असेल तर नमुन्याचे आधीच विचारून ठेवावे. इंदूरच्या रामबाग, लोकमान्यनगरात पुण्या-मुंबईहून लेकी बाळंतपणाला माहेरी येतात. अशा वेळी साखरेच्या व थायरॉइडच्या तपासण्यांची फाइल बरोबर हवी, आणि अहवाल कोणाच्या फोनवर येणार हेही ठरलेले हवे.

जन्मजात थायरॉइड कमतरतेची बहुतेक बाळे जन्मतः अगदी निरोगी दिसतात. पुढे बाळ फार झोपते, दूध ओढत नाही, कावीळ लांबते. आजी कौतुकाने म्हणते, ‘किती शहाणं बाळ, रडत नाही!’ त्यात मधुमेही मातेच्या बाळाला कावीळ तशीही जास्त होते आणि ते सुस्तही असू शकते, त्यामुळे लक्षणांवर विसंबून चालत नाही.

कमतरता ठरल्यास लेव्होथायरॉक्सिन (थायरॉइड संप्रेरकाची गोळी) रोज, वजनाच्या किलोमागे 10 ते 15 मायक्रोग्रॅम, पहिल्या दोन आठवड्यांत म्हणजे बारशाच्या सुमारास तरी सुरू व्हायलाच हवे. मेंदूच्या वाढीसाठी हे दिवस मोलाचे आहेत. गोळी चुरून आईच्या थोड्या दुधात, चमच्याने देतात. लोह वा कॅल्शियमची औषधे त्याच वेळी देत नाहीत. दोष तात्पुरता असेल तर साधारण तिसऱ्या वर्षानंतर डॉक्टर औषध थांबवून पाहतात.